गाण्यातील शिवी आणि आपले तोंड



हल्ली आपल्या घराघरांतून एक तक्रार ऐकू येते. मुले आणि नातवंडे कानात बोंडे घालून जी गाणी ऐकतात, त्यांत दर दोन ओळींमागे एक शिवी असते. अमेरिकेत ती इंग्रजी असते. इस्रायलमध्ये इंग्रजीबरोबर अरबीतून हिब्रूत आलेली असते. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या नव्या रॅप गाण्यांत तर ती आपल्या ओळखीची, अस्सल मराठी असते. वडीलधारी मंडळी म्हणतात, अशा गाण्यांवर बंदी घाला. तरुण मंडळी म्हणतात, शब्दच तर आहेत, शब्दांनी कोणाचे काय बिघडते?

माझ्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. शब्द ओंगळ आहे की नाही, एवढे पाहून गाण्याचा न्याय करता येत नाही. ती शिवी कोणावर पडते, ती कोणाच्या कानात शिरते आणि ती कोणाच्या तोंडून निघते, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. पुष्कळ वर्षे शाळेत शिकवल्यामुळे मुलांच्या तोंडचे शब्द ऐकण्याची मला सवय आहे. त्या अनुभवाच्या आणि आपल्या शास्त्रवचनांच्या आधाराने हा विषय मांडून पाहते.

प्रथम हे कबूल करू या की शिव्या घातलेले गाणे अमेरिकेने शोधून काढलेले नाही. अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहे या भागांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना शिमगा आठवत असेल. होळीभोवती पुरुष मंडळी बोंब ठोकीत, आणि एरवी ज्या शब्दासाठी बापाने कानाखाली लगावली असती, तेच शब्द त्या दिवसांत खुशाल चालीवर म्हटले जात. आपली घरे त्या वस्तीला लागूनच होती. दारे लावून घेतली तरी आवाज आत येई. आई, आजी ते ऐकून न ऐकल्यासारखे करीत आणि आम्हा मुलींना स्वयंपाकघरात काहीतरी काम सांगत. पण रंगपंचमी उरकल्यावर तोच माणूस तोच शब्द भर रस्त्यात बोलला, तर गावकी त्याला जाब विचारी. त्या शिवीला तिथी होती आणि हद्दही होती.

लग्नघरातील बायकांची गाणी हा दुसरा प्रकार. हळदीच्या आणि मेंदीच्या रात्री विहिणीला उद्देशून जी गाणी म्हटली जात, ती सगळीच काही सोज्ज्वळ नसत. तिच्या खाण्यावर, चालण्यावर, तिच्या मानपानाच्या हौसेवर टोमणे असत. रात्र चढत गेली आणि पुरुष मंडळी उठून गेली, की मग त्याहून चावट गाणीही निघत. विहीण हसून घेई, कारण पुढच्या लग्नात फेडायची पाळी आपली आहे हे तिला ठाऊक असे. ज्याला शिवी दिली त्याला उलट गाण्याची मुभा होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तिसरा प्रकार लावणीचा. होनाजी बाळाला दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचा आश्रय होता. तेथे लावणीला शृंगार म्हणत. तीच लावणी पुढे गावोगावच्या तमाशाच्या कनातीत गेली, तेव्हा तिला अश्लील म्हणू लागले. गाणारे बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजांतील होते, हे या फरकाचे एक कारण असावे. 'ग्राम्य' या शब्दाचा मूळ अर्थ 'गावचा' एवढाच आहे. त्याचा अर्थ 'असभ्य' असा कोणी केला, याचा विचार केला तर पुष्कळ काही कळते. गरिबाच्या तोंडचा रोजचा शब्द श्रीमंताच्या कानाला शिवी वाटतो, असेही अनेकदा घडते.

आता बंदीचा मार्ग कितपत उपयोगी पडला, ते पाहू. स्वातंत्र्य मिळाल्यावर लवकरच बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. फडावर पोट असलेल्या कलावंतांच्या चुली विझायची वेळ आली. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारण्यासाठी समिती नेमली गेली, आणि जे सादर करायचे ते आधी तपासून घेण्याच्या अटीवर तमाशा पुन्हा उभा राहिला. परंतु तपासणारा शब्द तपासतो, अर्थ त्याच्या चिमटीत सापडत नाही. १९७१ च्या 'सोंगाड्या' पासून पुढे दादा कोंडके यांच्या चित्रपटांतील द्वयर्थी गाण्यांनी हे सिद्धच केले. एकही शब्द कापता येत नसे, आणि सगळे थिएटर मात्र काय समजायचे ते समजून हसत असे. १९९३ साली 'खलनायक' चित्रपटातील चोळीच्या गाण्यावरून दिल्लीतील एका वकिलाने कोर्टात धाव घेतली होती. त्या गाण्यातही शिवी म्हणून एक शब्द नव्हता.

अमेरिकेचा अनुभव याहून मजेदार आहे. १९६३ साली 'किंग्जमेन' नावाच्या मंडळींनी 'लुई लुई' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. गायकाचे उच्चार इतके अस्पष्ट होते की त्यात काहीतरी घाणेरडे दडले आहे, अशी आवई उठली. पोरांनी आपल्या मनाचे शब्द वह्यांत लिहून एकमेकांना वाटले. आईबापांनी सरकारकडे पत्रे पाठवली आणि एफबीआयने चौकशी सुरू केली. ती तबकडी निरनिराळ्या वेगाने वाजवून पाहण्यात आली. शेवटी निष्कर्ष असा निघाला की गाण्यातले काहीच समजत नाही. मूळ गाणे रिचर्ड बेरी यांचे. त्यात एक खलाशी आपल्या दूरच्या प्रियेची आठवण सांगतो, एवढाच काय तो मजकूर. घाण ऐकणाऱ्याच्या मनात होती आणि तपास तबकडीचा चालला होता.

पुढे १९८५ साली काही राजकीय पुढाऱ्यांच्या पत्नींनी, त्यांत टिपर गोर प्रमुख होत्या, मुलांच्या हाती पडणाऱ्या गाण्यांविषयी मोहीम काढली. १९ सप्टेंबर १९८५ रोजी सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. तेथे जॉन डेन्व्हर या सौम्य गायकाने सांगितले की, डोंगरावरच्या आनंदाविषयीचे आपले एक गाणे मादक द्रव्याचे गाणे समजून काही रेडिओ केंद्रांनी लावायचे बंद केले होते. या मोहिमेतून पालकांना सावध करणारी काळी-पांढरी चिठ्ठी निघाली आणि ती तबकड्यांवर, कॅसेटांवर चिकटवली जाऊ लागली. आज तबकडी नसली तरी गाण्याच्या नावापुढे तशी खूण दिसते. त्याच १९८५ साली आमच्या टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहराने, नगरपालिकेच्या मालकीच्या सभागृहांत अश्लील कार्यक्रम असेल तर चौदा वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय प्रवेश नाही, असा नियम केला. १९९० च्या जूनमध्ये फ्लोरिडातील एका फेडरल न्यायाधीशाने 'टू लाइव्ह क्रू' या मंडळींचा गाण्यांचा एक संग्रह कायद्याने अश्लील ठरवला. १९९२ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. तोपर्यंत ज्यांनी ते नावही ऐकले नव्हते, त्यांनाही ते माहीत झाले होते.

आम्ही राहतो त्या अर्विंगला लागूनच डॅलस शहर आहे. तेथील नगरपालिकेने सोळा वर्षांखालील मुलांना कोणते चित्रपट अयोग्य आहेत, हे ठरवण्यासाठी एक मंडळ नेमले होते. 'व्हिवा मारिया' नावाच्या चित्रपटावरून वाद झाला आणि १९६८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. कारण असे की, अयोग्य म्हणजे काय हे नियमात इतके मोघम लिहिले होते की चित्रपट दाखवणाऱ्याला आपण कोठे चुकतो हेच कळू नये. गंमत अशी की त्याच दिवशी न्यू यॉर्कच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले की, मोठ्यांना जे विकता येते ते लहान मुलांना विकू नये असा कायदा सरकार करू शकते. दोन्ही निकाल एकत्र वाचले की तात्पर्य सरळ आहे. मुलांची काळजी घेण्याचा अधिकार समाजाला आहे, परंतु रेषा नेमकी कोठे ओढायची ते सांगण्याची जबाबदारीही त्याच्यावरच आहे. पुढे १९७१ साली जाकिटावर एक शिवी लिहून कोर्टात फिरणाऱ्या तरुणाच्या खटल्यात न्यायमूर्ती हार्लन यांनी लिहिले की, एकाला जी असभ्यता वाटते ते दुसऱ्याला गीत वाटते.

महाराष्ट्रात २०२३ च्या एप्रिलमध्ये हीच अडचण पुन्हा दिसली. पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत एका तरुणाने शिव्यांचे रॅप गाणे चित्रित केले, म्हणून गुन्हा नोंदवला गेला. त्याच महिन्यात सत्ताधाऱ्यांवर टीका करणाऱ्या मराठी रॅप गाण्यांवरूनही गुन्हे नोंदवले गेले. विद्येच्या वास्तूत शिवीगाळ नको, हे म्हणणे मला पटते. पण दुसऱ्या प्रकारात शिक्षा शिवीला होते की टीकेला, हे कोण सांगणार? शिवीसाठी केलेला कायदा उद्या खऱ्या बोलण्याच्या तोंडावर बांधला जातो, हा बंदीतला मोठा धोका आहे.

मग काय करावे? येथे आपल्या पूर्वजांनी घालून दिलेली एक पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. अमेरिकेत सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत रेडिओवर अश्लील शब्द चालत नाहीत. म्हणून एकाच गाण्याचे दोन अवतार निघतात, एक मूळ आणि एक रेडिओसाठी धुतलेला. तरुणांना हा ढोंगीपणा वाटतो. परंतु ही युक्ती रेडिओवाल्यांची नव्हे. आपल्या सेफेर तोरामध्ये ती फार पूर्वीपासून आहे.

तालमूदच्या मेगिल्ला भागात नियम सांगितला आहे की, शास्त्रात जेथे शब्द ओंगळ लिहिलेला आहे तेथे वाचताना सभ्य शब्द वाचावा. की तावो या परशामध्ये, शापांच्या यादीत, वाग्दत्त वधूला दुसराच पुरुष भ्रष्ट करील, असे वचन आहे. तेथे लिहिलेले क्रियापद उघडेवाघडे आहे. हज्जान ते उच्चारीत नाही, त्याऐवजी 'निजेल' अशा अर्थाचा शब्द वाचतो. दुसऱ्या राजांच्या पुस्तकात अश्शूरचा राजा सन्हेरीब याचा दूत रब्शाके यरुशलेमच्या तटाखाली उभा राहून जे बोलतो, त्यातही मलमूत्राचे शब्द असेच बदलून वाचतात.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्या. लिहिणाऱ्याने मूळ शब्द खोडला नाही. ज्या हलकट दूताने हलकट शब्द वापरला, त्याचा शब्द आहे तसा ठेवला, कारण तो खोडला असता तर त्या माणसाचा हलकटपणाही पुसला गेला असता. आणि वाचणाऱ्याने तो मंडळीत उच्चारला नाही, कारण तेथे बायका-मुले ऐकत बसलेली असतात. लिहिण्यात सत्य राखले आणि बोलण्यात मर्यादा राखली. जे गाणे अस्तित्वात आहे ते जाळा असे मी म्हणणार नाही, आणि ते शब्बाथच्या जेवणाच्या टेबलावर वाजवा असेही म्हणणार नाही.

रब्शाकेच्या गोष्टीत आणखी एक धडा आहे. हिज्किया राजाच्या माणसांनी त्याला विनवले की आमच्याशी अरामी भाषेत बोल, ती आम्हाला समजते. तटावर बसलेल्या लोकांच्या कानावर पडेल अशा यहूदी भाषेत बोलू नको. त्याने मुद्दाम लोकांच्या मातृभाषेतच मोठ्याने ते ओंगळ शब्द उच्चारले. शिवी मातृभाषेत अधिक लागते, हे त्या दूताला पक्के ठाऊक होते.

आपल्या घरांत याचा उलटा प्रकार पाहायला मिळतो. इंग्रजी गाण्यातील शिवी आजी-आजोबांना नीट कळत नाही, म्हणून ते गाणे स्वयंपाक होईपर्यंत वाजत राहते. तीच गोष्ट मराठी गाण्यात आली की सर्वांचे चेहरे बदलतात. रामबाम यांनी पिरके आवोथवरील आपल्या भाष्यात नेमके याच वृत्तीला नाव ठेवले आहे. त्यांच्या काळी काही थोर मंडळी मेजवानीत अरबी गाणे ऐकले की रागावत, मग त्याचा अर्थ चांगला का असेना. आणि हिब्रू गाणे असले तर अर्थ कसाही असला तरी चालवून घेत. रामबाम म्हणतात, हा निव्वळ अडाणीपणा आहे. बोलणे भाषेवरून जोखायचे नसते, अर्थावरून जोखायचे असते. दोन्ही गाणी सारखीच वाईट असली, तर पवित्र भाषेतले अधिक वाईट, कारण तिचा वापर नीच कामासाठी केला. मराठी ही आपली पवित्र भाषा नव्हे, पण आपल्या आयांनी ज्या भाषेत अंगाई म्हटली तिच्याबद्दल आपल्याला थोडे अधिक वाटले तर त्यात गैर नाही. मात्र इंग्रजीला सूट देऊन मराठीवर रागावणे न्यायाचे नाही.

अर्थावरून जोखायचे म्हटले की काही आश्चर्यकारक गोष्टी दिसतात. सगळे शब्द स्वच्छ असलेले गाणेही घोर अपमान करू शकते. २००७ साली 'आजा नचले' या हिंदी चित्रपटाच्या गाण्यात मोची स्वतःला सोनार समजू लागला, अशा अर्थाची ओळ होती. एकही अपशब्द नव्हता. पण चामड्याचे काम करणाऱ्या समाजाला ती ओळ लागली. उत्तर प्रदेशात चित्रपटावर बंदी आली, निर्मात्यांनी माफी मागून ती ओळ काढली. आपल्या लोकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. १९५० आणि १९६० च्या दशकांत जे इस्रायलला गेले, त्यांपैकी अनेकांनी स्वतःसाठी 'कुशी' हा शब्द ऐकला आहे. तो शब्द तर तोरामध्येच आहे, मोशे रब्बेनूंच्या पत्नीविषयी. कोशात तो शिवी नाही. परंतु कातडीचा रंग पाहून ज्या स्वरात तो फेकला जाई, त्या स्वराने तो शिवी झाला. मिरियामने मोशेच्या कुशी पत्नीवरून बोल लावला, तेव्हा तिने कोणताही घाणेरडा शब्द वापरला नव्हता. तरी तिच्या अंगावर कोड उठले.

याच्या उलट, ओंगळ शब्दांनी भरलेली रचना प्रामाणिक असू शकते. नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह १९७२ साली निघाला, विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली. नागपाडा, भायखळा, जेकब सर्कल या भागांत राहिलेल्या आपल्या लोकांना गोलपिठा म्हणजे कोणती वस्ती, ते ठाऊक आहे. आपण त्या रस्त्याने मान खाली घालून भरभर चालत येत होतो. ढसाळ त्याच वस्तीत वाढले, आणि तेथे जी भाषा बोलली जाते तीच त्यांनी कवितेत आणली. त्या शिव्या वेश्येवर पडत नाहीत. तिला त्या नरकात लोटणाऱ्या आणि आपल्यासारख्या नजर वळवून जाणाऱ्या जगावर पडतात. हे वाचून वाईट वाटते, आणि तसे वाटावे हाच त्याचा हेतू आहे. यहेज्केल संदेष्ट्याने यरुशलेमला व्यभिचारिणी ठरवून जे अध्याय लिहिले, तेही असेच ऐकवत नाहीत. रब्बी एलिएझर यांनी त्यांतला एक हफ्तारा म्हणून वाचण्यास हरकत घेतली होती. तरी ग्रंथातून तो कोणी काढला नाही.

म्हणजे हेतू चांगला असला की सर्व माफ, असे मला म्हणायचे आहे काय? नाही. आपल्याकडच्या शिव्या जरा उलगडून पाहा. भांडण दोन पुरुषांचे असते आणि शिवी आईवरून किंवा बहिणीवरून असते. ती बाई भांडणात नसते. बहुधा ती घरी भाकरी थापीत असते. गरीब तरुण गाण्यातून सरकारवर, पोलिसांवर, पैसेवाल्यांवर रागावला, तर त्याचा राग न्यायाचा असू शकतो. पण तो राग दुसऱ्याच्या आईच्या अंगावरून का जावा? मेंदीच्या गाण्यातली विहीण समोर बसलेली होती आणि तिला उलट गाता येत होते. या गाण्यांतल्या आईला, बहिणीला, मैत्रिणीला उलट गाण्याची सोय नाही. म्हणून अशी शिवी मला कवितेत बसत नाही, मग तिची चाल कितीही झोकदार असो. नुसत्या जोशासाठी तीच शिवी गाण्यात वीस वेळा घातली, की आणखी एक नुकसान होते. खऱ्या संतापाच्या वेळी वापरायला शब्दच उरत नाही.

तिसरा प्रश्न तोंडाचा. केंड्रिक लमार या कृष्णवर्णीय रॅप गायकाला २०१८ साली संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याच्या गाण्यांत शिव्या आहेत आणि काळ्या माणसांना गुलामीच्या काळापासून दिली जाणारी ती कुप्रसिद्ध शिवीही आहे. त्याच वर्षी अलाबामातील एका मैफलीत त्याने एका गोऱ्या मुलीला रंगमंचावर गायला बोलावले. तिने ते गाणे शब्दन् शब्द म्हटले, ती शिवीसुद्धा. तेव्हा त्याने तिला थांबवले. पुष्कळांना हा अन्याय वाटला, कारण शब्द तर त्यानेच लिहिले होते. मला त्यात अन्याय दिसत नाही. ज्याच्या पाठीवर वळ उठले तो वळांविषयी बोलतो, ते वेगळे. आणि ज्याच्या पूर्वजांच्या हाती चाबूक होता त्याने तेच शब्द तालावर म्हणणे वेगळे. आपण आपसात 'आम्ही शनवार तेली' म्हणून हसतो. दुसऱ्याने तेच हिणवून म्हटले तर आपल्याला हसू येत नाही.

गाण्याची जागाही तितकीच महत्त्वाची. रब्बी अकिवा यांनी शीर हशिरीमला सर्व लेखनांत परमपवित्र म्हटले. परंतु तालमूद सांगते की त्याच शीर हशिरीममधले वचन दारूच्या बैठकीत गाण्यासारखे म्हणणारा जगावर संकट आणतो. शब्द तेच, पण बैठक निराळी. आणि लग्नाविषयी तर एक फार मार्मिक वचन आहे: नवरी हुप्पाखाली कशासाठी जाते हे सर्वांना माहीत असते, पण जो ते तोंडाने बोलून दाखवतो तो आपल्यासाठी लिहून ठेवलेले सत्तर वर्षांचे सुख घालवून बसतो. ज्ञान लपवा असे येथे म्हटलेले नाही. ते सर्वांना आहेच, हे गृहीत धरून तोंड सांभाळायला सांगितले आहे.

आता घरातली गोष्ट. आमच्या अर्विंगच्या लास कोलिनास भागात २०१७ साली टोयोटा म्युझिक फॅक्टरी हे मोठे मनोरंजन संकुल उघडले. तेथे नावाजलेले गायक येतात, आणि शाळकरी मुलांना तेथे जायचे असते. माझ्या नातवाने परवानगी मागितली, तेव्हा मी त्याला शाळेतली एक जुनी रीत सांगितली. चाल बाजूला ठेव, गाणे स्वतःच्या हाताने कागदावर उतरव आणि मला नुसते शब्द वाचून दाखव. त्याने सर्व लिहून काढले. वाचताना मात्र चार-पाच ठिकाणी थांबला, तेथे 'अमुक' असे म्हणून पुढे गेला. मी त्याला काही सांगितले नव्हते. कागदावर एक आणि तोंडात दुसरे, ही हज्जानाची रीत त्याची त्यालाच सुचली. मग आम्ही त्या गाळलेल्या शब्दांविषयी बोललो. हा कोणाला म्हटला आहे? ती व्यक्ती गाण्यात हजर आहे का? तुझ्या बहिणीबद्दल कोणी असे गायले तर? त्या गाण्यात गरिबीविषयी दोन कडवी खरोखर चांगली होती, हेही मला त्याला सांगता आले. आईवडिलांच्या संमतीने तो मैफलीला गेला. काय म्हणायचे आणि कोठे गप्प राहायचे, हे ठरवण्याचे काम आम्ही त्याच्यावर सोपवले.

ही रीत इतरांनीही करून पाहावी, अशी माझी नम्र सूचना आहे. नुसते 'बंद कर' म्हटल्याने मूल कानातले बोंडे काढत नाही, आवाज तेवढा लहान करते. 'शब्दच तर आहेत' असे म्हणून सोडून दिले, तर शब्दांना काही वजनच नाही असे ते शिकते. ज्या लोकांनी सेफेर तोरामधले एक अक्षर पुसट झाले तरी तो गुंडाळी बाजूला ठेवली, त्यांच्या मुलांनी हे शिकणे बरे नाही. बार मिट्झवाची तयारी करताना की तावोमधील तो बदललेला शब्द येईल, तेव्हा शिकवणाऱ्यांनी घाईघाईने पुढे जाऊ नये. लिहिले एक आणि वाचायचे दुसरे, असे का, हे मुलाला तेथेच समजावून सांगावे. कानात वाजणाऱ्या गाण्यांविषयी बोलायला त्याहून चांगला धडा मिळणार नाही.

असो. आपणा सर्वांच्या घरी चांगली गाणी गायली जावोत.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, अर्विंग (टेक्सास)